डीव्हीडीवर माणसं लांबट दिसतात: वाइड शूटिंगचा रेशो नेमका कुठे हरवतो?

वाइडमध्ये शूट केलेली मिनी-डीव्ही कॅसेट डीव्हीडीवर उतरवली, टीव्हीला लावली आणि सगळं वऱ्हाड उभं ताणलेलं दिसू लागलं. सांगली-मिरजेत जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर करून देणाऱ्या कुणालाही विचारा, ही तक्रार परत परत येते. लग्नाच्या शूटिंगला ती जरा उशिराच येते, कारण नवरी बारीक दिसते म्हणून कुणी डिस्क परत आणत नाही. कुस्तीचं मैदान असलं की मात्र लगेच फोन. कुंडलच्या मैदानाची अशी एक डिस्क बघून एक वस्ताद म्हणाले होते, "अहो, आमचा गडी निम्मा केलाय की तुम्ही!" निम्मा नाही, पाऊण. हा पाऊणचा आकडा लक्षात ठेवा, निदान त्यावरच चालतं.

त्याआधी एक विनंती. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप धरून ओढायची आणि 'झालं बरोबर' म्हणून पुन्हा रेंडर (सगळा व्हिडिओ नव्याने तयार करायला) टाकायचा, हा उपाय करू नका. बहुतेक वेळा चित्राला काही झालेलंच नसतं.

पाल या टीव्ही पद्धतीत, म्हणजे आपल्याकडे, डीव्ही आणि डीव्हीडी दोन्हींची फ्रेम ७२०×५७६ पिक्सेलची. शूटिंग चार-तीनचं (रुंदी-उंचीचा रेशो ४:३, जुन्या टीव्हीचा आकार) असो की सोळा-नऊचं (१६:९, म्हणजे वाइड), पिक्सेल तेवढेच. आता ७२० ला ५७६ ने भागा, १.२५ येतं. चार-तीन म्हणजे १.३३ आणि सोळा-नऊ म्हणजे १.७८. साठवलेली फ्रेम दोन्हींपैकी कशाशीच जुळत नाही. दाखवताना ती आडवी ताणायचीच असते, चार-तीनला ७६८×५७६ इतकी आणि सोळा-नऊला १०२४×५७६ इतकी. किती ताणायची हे चित्रात कुठेच नसतं, ते चित्रासोबत जाणाऱ्या एका छोट्या खुणेत असतं. तिला फ्लॅग म्हणतात. डब्यात हळद आहे आणि वर चिठ्ठी बेसनाची लागली, तर हळद फेकायची नाही, चिठ्ठी बदलायची.

अडचण एवढीच की ही चिठ्ठी एका जागी नसते. टेपवर एक, एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये एक, एमपेग-२ व्हिडिओच्या (डीव्हीडीवर चित्र याच रूपात असतं) हेडरमध्ये, म्हणजे आतल्या माहितीत, एक आणि डीव्हीडीच्या आयएफओ फाईलमध्ये, म्हणजे डिस्क कशी चालवायची हे प्लेअरला सांगणाऱ्या फाईलमध्ये, आणखी एक. शिवाय प्लेअरचं सेटिंग आणि टीव्हीचं सेटिंग वेगळंच. यातली एक जरी चुकली तरी चित्र बिघडल्यासारखं दिसतं, आणि दोन चुका एकमेकींना झाकूनही टाकतात.

आधी पट्टी घ्या

डिस्क लावा आणि समोरून गोल दिसणारी वस्तू असेल तिथे थांबवा. भिंतीवरचं घड्याळ, बाजूने दिसणारं जीपचं चाक, स्टेजमागच्या पडद्यावरचं गोल डिझाइन, काहीही चालेल. ताट-परात नको, ती तिरकी दिसतात. मिरजेच्या घरातलं शूटिंग असेल तर तंबोऱ्याचा भोपळा मोजायचा मोह होईल, पण तो मुळात कुठे नेमका गोल असतो? पट्टी थेट पडद्याला लावून रुंदी आणि उंची मोजा आणि रुंदीला उंचीने भागा.

उत्तर १ च्या आसपास आलं तर रेशो बरोबर आहे, तुमची तक्रार वेगळी आहे. ०.७५ आलं तर शूटिंग वाइड आहे आणि वाटेत कुणीतरी त्याला चार-तीन समजलंय. १.३३ आलं तर उलटं झालंय: जुनं चार-तीन शूटिंग सोळा-नऊ म्हणून ताणलं गेलंय, आणि त्यात बहुतेक वेळा टीव्हीच गुन्हेगार असतो. ०.५६ आलं तर तीच चूक दोनदा झाली आहे, कारण पाऊणचा पाऊण तेवढाच होतो. हे सहसा असं घडतं: एडिटिंगमध्ये वाइड क्लिप चार-तीन समजून आत घेतली, सॉफ्टवेअरने डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या घालून ती सोळा-नऊ फ्रेममध्ये बसवली, आणि शेवटी डिस्क चार-तीनची म्हणून बर्न झाली.

गोल वस्तू गोलच आहे, पण चारही बाजूंनी काळी चौकट आहे, असंही होतं. त्याकडे पुढे येतो. आणि वस्तू गोल आहे पण माणसांची डोकी कापली गेली आहेत, तर टीव्हीचा रिमोट उचला आणि 'झूम' बंद करा.

प्लेअर आणि टीव्ही

डिस्कला दोष देण्याआधी बाजारात मिळणाऱ्या एखाद्या वाइडस्क्रीन चित्रपटाची मूळ डीव्हीडी त्याच प्लेअरवर लावा. तीही लांबट दिसली तर तुमची डिस्क निर्दोष आहे. प्लेअरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही शेप' किंवा 'टीव्ही डिस्प्ले' नावाचं काहीतरी असतं आणि त्यात तीन पर्याय येतात: चार-तीन पीएस, चार-तीन एलबी आणि सोळा-नऊ. घरचा टीव्ही आता सपाट आणि रुंद आला, प्लेअर मात्र जुन्या डबा टीव्हीच्या वेळचाच राहिला, आणि हे सेटिंग कुणी बदललंच नाही, हे इतक्या घरांत दिसतं की मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो. सोळा-नऊ करा. एलबी म्हणजे लेटरबॉक्स, वर-खाली काळ्या पट्ट्या घालून पूर्ण चित्र दाखवणं. पीएस म्हणजे पॅन-स्कॅन. त्यात रुंदीचा पाव भाग कापला जातो, मंगलाष्टकांच्या वेळी कडेला उभी असलेली माणसं गायब होतात.

मग टीव्हीच्या रिमोटवरचं बटण. 'ऑटो' किंवा सोळा-नऊ ठेवा. जुनी चार-तीनची डिस्क बघताना चार-तीन करा आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या सहन करा. 'पडदा भरला पाहिजे, पैसे मोजलेत टीव्हीचे' हा हट्ट असलेली काही घरं आहेत. तिथे मी वाद घालत नाही.

कॉम्प्युटरवर बरोबर, टीव्हीवर चूक

हा प्रकार सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. घरचा डीव्हीडी प्लेअर सहसा आयएफओ फाईलचं ऐकतो. कॉम्प्युटरवरचे काही प्लेअर थेट व्हिडिओच्या हेडरकडे बघतात. दोन्हींत वेगळं लिहिलेलं असेल तर एकच डिस्क दोन ठिकाणी दोन तऱ्हेने दिसते. मग ज्याने डिस्क केली तो म्हणतो माझ्याकडे बरोबर आहे, आणि ज्याने नेली तो म्हणतो माझ्याकडे चूक आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तपासायला मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. डिस्कमधली व्हीओबी फाईल (प्रत्यक्ष व्हिडिओ हिच्यात असतो) त्यात उघडा, डिस्प्ले रेशोसमोर ४:३ आहे की १६:९ ते वाचा. मग त्याच संचाची आयएफओ फाईल उघडा. व्हीएलसीवर चालवून कीबोर्डवरचं ए हे अक्षर दाबत गेलात तर रेशो बदलत जातो. १६:९ वर आल्यावर चाक गोल झालं, की चित्र शाबूत असल्याची खात्री पटली. तिथून पुढे काम फक्त चिठ्ठ्या बदलायचं.

तयार डिस्क दुरुस्त करायची असेल तर तिच्यातलं व्हिडिओचं फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करा. आयफोएडिट हे जुनं पण चोख सॉफ्टवेअर आहे. त्यात टायटल संचाची (डिस्कवरच्या व्हिडिओंच्या एका गटाची) आयएफओ उघडली की व्हिडिओच्या गुणधर्मांची ओळ दिसते. तिथे रेशो १६:९ करा आणि चार-तीन टीव्हीसाठी फक्त लेटरबॉक्सची परवानगी ठेवा, पॅन-स्कॅनची नको. घरगुती शूटिंगमध्ये चौकटीतला कुठला भाग महत्त्वाचा हे कुणी ठरवून दिलेलं नसतं, त्यामुळे पॅन-स्कॅन झालं तर प्लेअर नुसता मधला भाग दाखवून मोकळा होतो. सेव्ह करताना बीयूपी फाईलही नवी करून घ्या. ती आयएफओची राखीव प्रत असते आणि दोन्ही सारख्या असायला हव्यात.

व्हिडिओचा हेडर चुकलेला असेल तर डीव्हीडी पॅचर हे सॉफ्टवेअर. फाईल द्या, १६:९ निवडा आणि 'पूर्ण फाईल' हा पर्याय घ्या. नुसता पहिला हेडर बदलून भागत नाही, कारण डीव्हीडीच्या एमपेग-२ मध्ये हा हेडर थोड्या थोड्या फ्रेमनंतर पुन्हा पुन्हा येतो. पहिलाच बदलला तर सुरुवातीला सोळा-नऊ आणि पुढे चार-तीन अशी फाईल तयार होते आणि एखादा प्लेअर मध्येच चित्र आवळतो. या दुरुस्तीत चित्राचा एकही पिक्सेल हलत नाही, दर्जा तसूभर उतरत नाही, आणि रेंडरला रात्रभर मशीन चालू ठेवावं लागत नाही.

क्लिप ओढू नका असं का म्हणालो

डीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं. सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची (त्यांना फील्ड म्हणतात): एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा फरक. अशी फ्रेम उभ्या दिशेने लहान-मोठी केली की शेजारशेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात, म्हणजे दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रं कालवली जातात. वरातीत नाचणाऱ्यांचे हात दुहेरी दिसतात, कडा करवतीसारख्या होतात. हे नंतर काढता येत नाही. आडव्या दिशेने लहान-मोठं करण्यात हा धोका नाही, म्हणून काही करायचंच झालं तर आडवंच.

याच्याच नात्यातली दुसरी गोष्ट म्हणजे फील्डचा क्रम. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी या हाय-डेफिनिशन कॅमेऱ्यांत वरचं आधी. एन्कोड करताना हे उलटं निवडलं तर रेशो अगदी बरोबर येऊनही हलतं चित्र थरथरतं, आणि माणूस बिचारा रेशोच्याच मागे लागतो.

प्रोजेक्ट उघडतानाच

एडिटिंग करायचंच असेल तर पहिल्या खिडकीत डीव्ही-पाल खाली दोन पर्याय दिसतात, स्टँडर्ड आणि वाइडस्क्रीन. प्रीमिअर वापरणारे बरेच जण सवयीने पहिल्यावर क्लिक करून पुढे जातात. वाइडस्क्रीन ४८ किलोहर्ट्झ (हा आकडा आवाजाचा) घ्या. क्लिप आत आल्यावर तिच्या गुणधर्मांत पिक्सेल रेशो (एका पिक्सेलची रुंदी उंचीच्या किती पट) बघा. चार-तीन दाखवत असेल तर 'इंटरप्रिट फुटेज'मध्ये जाऊन डीव्ही पाल वाइडस्क्रीन करा. तिथे १.४२ किंवा १.४६ असा आकडा दिसेल. जुन्या आणि नव्या आवृत्त्यांत तो वेगळा आहे, कारण ७२० पिक्सेलपैकी नेमके किती पिक्सेल खऱ्या चित्रात मोजायचे यावर दोन मतं आहेत. फरक अडीच टक्क्यांचा. डोळ्याला कळत नाही, त्यावर रात्र घालवू नका.

डीव्हीडी बनवणाऱ्या डीव्हीडी स्टायलरमध्ये नवा प्रोजेक्ट करतानाच पाल आणि १६:९ विचारलं जातं. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांसोबत आलेल्या डीव्हीडी मेकरमध्ये ते 'ऑप्शन्स'मध्ये लपलेलं असतं, आणि शेजारीच पाल की एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) हेही असतं. दोन्ही बघून घ्या. एफएफएमपेग हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी पाल-डीव्हीडीचं टार्गेट दिलं म्हणजे काम झालं असं समजू नये, आस्पेक्ट १६:९ वेगळं सांगावं लागतं.

कॅप्चर करताना

टेप कॉम्प्युटरवर घेताना फायरवायरने, म्हणजे कॅमेऱ्याच्या डिजिटल केबलने (सोनीच्या भाषेत आय-लिंक), घेतलं तर टेपवरचा डीव्ही डेटा जसाच्या तसा येतो, वाइडची खूणही त्याच्यासोबत येते. विनडीव्हीसारखं लहानसं सॉफ्टवेअर पुरतं. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. एक काळजी घ्या: हळदीला चार-तीन आणि लग्नाला वाइड, असं एकाच कॅसेटवर असू शकतं, कारण कुणीतरी मध्येच बटण दाबलेलं असतं. अख्खी टेप एकाच फाईलमध्ये घेतली तर सॉफ्टवेअर सहसा सुरुवातीची खूण वाचून सगळ्याला तीच लावतं. रेशो बदलतो तिथे फाईल तोडा.

खरा घोटाळा पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या केबलवर होतो. फायरवायरचं कार्ड नाही म्हणून यूएसबीची छोटी कॅप्चर डबी घेतली जाते. त्या केबलमधून डीव्हीची खूण जात नाही. पाल संकेतात वरच्या २३ व्या ओळीत वाइडची एक खूण पाठवायची सोय आहे, पण स्वस्त डब्या तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तरीही एवढ्याने नुकसान होत नाही, चिठ्ठी आपण नंतर लावू शकतो.

नुकसान होतं ते कॅमेऱ्याच्या मेनूत 'टीव्ही टाइप' ४:३ राहिलं तर. मग कॅमेरा शहाणपणा करतो: आपला टीव्ही जुना आहे असं धरून वाइड चित्र उभं दाबतो, वर-खाली काळ्या पट्ट्या घालतो आणि ते केबलमध्ये सोडतो. ५७६ ओळींपैकी ४३२ ओळींतच चित्र उरतं. वरच्या ७२ आणि खालच्या ७२ ओळी काळ्या. टेपवर पूर्ण ५७६ ओळी होत्या, पाव तपशील तुम्ही स्वतःच्या हाताने टाकून दिला. म्हणून केबलने कॅप्चर करण्याआधी 'टीव्ही टाइप' १६:९ करा. कॅप्चरच्या खिडकीत माणसं लांबट दिसतील. ती तशीच दिसायला हवीत, घाबरून पुन्हा मागे बदलू नका. डबी पालवर आहे का तेही बघा. कित्येक डब्या एनटीएससीवर येतात.

चारही बाजूंनी काळी चौकट

आता ती राहिलेली तक्रार. वर सांगितलं तसं चित्र ४३२ ओळींत अडकलं असेल, आणि डिस्क चार-तीनची असेल, तर रुंद टीव्हीवर वर-खाली पट्ट्या चित्रातल्याच आणि डावी-उजवीकडच्या टीव्हीच्या, अशी चौकट होते. टेप हाताशी असेल तर पुन्हा कॅप्चर करा, विषय संपला.

पण काही कॅमेऱ्यांत 'सिनेमा' नावाचा मोड असायचा, आणि तो पट्ट्या थेट टेपवरच रेकॉर्ड करायचा. तिथे हरवलेल्या ओळी कुठूनच परत येत नाहीत. वर-खाली ७२-७२ ओळी कापून ४३२ च्या ५७६ करता येतात, पण ते उभ्या दिशेचं ताणणं आहे, त्याचे धोके सांगून झाले. माझं मत विचाराल तर डिस्क चार-तीनचीच ठेवा आणि बघताना टीव्हीवर झूम दाबा. झूमचं बटण याच कामासाठी आहे. रिमोटवर कुठलं बटण दाबायचं हे डिस्कच्या कव्हरवर मार्करने लिहून दिलं की आजीसुद्धा बघते.

जुनं आणि नवं एकाच डिस्कवर

२००५ च्या महापुराचं चार-तीनमधलं शूटिंग आणि त्यानंतरच्या एखाद्या वाइडमधल्या बारशाचं, दोन्ही एकाच डिस्कवर पाहिजे, असं सांगतात. होतं. फक्त डीव्हीडीच्या नियमात एका टायटल संचाला एकच रेशो असतो, त्यामुळे दोन वेगळे संच करा. एका संचात दोन्ही कोंबले तर एक तरी चुकणारच. मेनूला त्याचा स्वतःचा रेशो असतो. मेनू चार-तीन आणि फिल्म वाइड असेल तर काही टीव्ही प्रत्येक वेळी मोड बदलताना क्षणभर काळे पडतात. त्रास वाटत असेल तर मेनूही वाइड करा.

सलग एकच फिल्म हवी असेल तर वाइड प्रोजेक्टमध्ये चार-तीनचं चित्र ५४० पिक्सेल रुंद करून मधोमध ठेवा, दोन्ही बाजूंना ९०-९० काळे. हे आडवं दाबणं आहे, त्यामुळे फील्डना धक्का लागत नाही. पाण्यातून नेलेल्या नावेतल्या माणसांना पडदा भरायसाठी ताणून रुंद करू नका, ती हास्यास्पद दिसतात आणि प्रसंग तो नव्हता.

एचडीव्ही टेप असेल तर तिची फ्रेम सहसा १४४०×१०८०, पण ती नेहमी सोळा-नऊच असते, त्यामुळे काही कापायचं नाही, पूर्ण फ्रेम ७२०×५७६ मध्ये बसवून १६:९ ची खूण लावायची. इथे उभ्या दिशेने लहान करणं टळत नाही, म्हणून सॉफ्टवेअरला चित्र इंटरलेस्ड आहे हे सांगायला विसरू नका. किंवा कॅमेऱ्यातच आय-लिंकचं डीव्ही रूपांतर चालू करा, तो ते काम स्वतः नीट करतो.

अमेरिकेतून भावाने आणलेला हँडीकॅम असेल तर टेप एनटीएससी निघेल, ७२०×४८०. तिचं पाल करायला जाऊ नका. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही एनटीएससी डिस्क विनातक्रार चालवतात. प्रोजेक्ट, एन्कोड आणि डिस्क तिन्ही एनटीएससीच ठेवा आणि १६:९ चं तेवढं जपा. बाकी सगळं वरच्यासारखंच.

शेवटची प्रत बर्न करण्याआधी पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर एक प्रत काढा, आणि ती स्वतःच्या नाही, गिऱ्हाइकाच्या प्लेअरवर लावून बघायला सांगा. गोल वस्तूचा फोटो मोबाइलवर मागवा. पट्टी तुम्ही इकडे लावू शकता, फक्त फोटो टीव्हीच्या अगदी समोर उभं राहून काढायला सांगा, सोफ्यावरून तिरका नको.